मोठ्या पानावर आपली ओळ कुठे?

सकाळी वर्तमानपत्र उघडले की अर्धी खाट भरते. वाचून झाले की तोच कागद फळीवर अंथरायचा, त्यात भाकरी बांधायची, मुलांच्या पुस्तकांना कव्हर घालायचे आणि उरलेला रद्दीत द्यायचा. एकाच कागदाचे हे किती अर्थ!

अशा मोठ्या पानाच्या पत्राला छपाईच्या धंद्यात ‘ब्रॉडशीट’ म्हणतात. त्याच्या निम्मे ते ‘टॅब्लॉइड’. इंग्लंडात ब्रॉडशीट म्हणजे भारदस्त पत्र, असा अर्थ रूढ झाला. मुळात मात्र तो एका बाजूने छापलेला एकच कागद होता. राजाचे हुकूम, बातम्या, गाणी त्यावर छापत, रस्त्यावर विकत आणि भिंतीला चिकटवत. म्हणजे आपल्या जयंतीच्या पोस्टरचाच थोरला भाऊ! पुढे २००३-०४ मध्ये लंडनच्या ‘इंडिपेंडंट’ आणि ‘टाइम्स’ या पत्रांनीही आपले पान निम्म्यावर आणले. पान लहान झाले म्हणून वजन गेले नाही.

वजन कशाने येते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. पण त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. मोठ्या पत्रात आपल्याला दोन बोटे जागा मिळाली नाही, म्हणून आपले पान आपणच काढावे लागले. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाले, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली तिचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

आपल्या नगर जिल्ह्यालाही हा वारसा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरातच सुरू झाले. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सत्यशोधक विचारांचे ‘दीनमित्र’ साप्ताहिक काढले आणि नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून ते १९६७ पर्यंत चालवले. वीज नाही, पक्की सडक नाही अशा काळात शेतकऱ्याचे दुःख खेड्यातच छापून निघत होते.

आता आमचीच एक चूक सांगतो. आजी गेल्यावर आम्ही तिची पेटी रिकामी केली. तळाला जुनी पत्रे घडी घालून ठेवलेली. वाळवी लागेल म्हणून न बघताच गठ्ठा रद्दीत दिला. आजीला अक्षर येत नव्हते, तरी ती छापील कागदावर पाय पडू देत नसे. आम्ही बी.कॉम. झालेलो, कचेरीत रोज फायली जपणारे. आणि घरची फाइल किलोवर विकून मोकळे झालो. त्यात काय होते, हे आता कधीच कळायचे नाही.

म्हणून वाचकहो, रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी घरातली पेटी एकदा उघडून पाहा. जुना अंक, मोर्चाचे पत्रक, जयंतीचे पोस्टर, जे सापडेल ते तारीख लिहून विहारातल्या कपाटात ठेवा. रविवारी मुलांकडून त्यातले एक पान मोठ्याने वाचून घ्या.