कुत्र्यामांजरांच्या गुदग्रंथींचे विकार व त्यांवरील उपाय

शेतकऱ्याच्या दारच्या जनावरांत बैल, गाय व म्हैस यांचा मान पहिला, आणि तो योग्यच आहे. परंतु रात्रीं खळ्याची व गोठ्याची राखण करणारा कुत्रा आणि धान्याच्या कणगीभोंवतीं उंदरांचा बंदोबस्त ठेवणारी मांजर यांची चाकरीही कांहीं कमी नव्हे. त्यांस बाजारांत किंमत येत नाहीं, म्हणून त्यांच्या दुखण्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. आणि दुखणें शेपटीखालचें असलें म्हणजे तर त्याविषयीं बोलण्यासही माणसें संकोचतात. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हांस गांवोगांव वस्त्यांवर जावें लागे. जमिनीवर बूड घासत चालणारा कुत्रा आणि त्याकडे पाहून हंसणारीं मुलें हा देखावा आम्हीं अनेक ठिकाणीं पाहिला आहे. जें पाहून मुलें हंसतात तें बहुधा वेदनेचें लक्षण असतें. त्याच वेदनेची कारणें व उपाय या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

या ग्रंथी कोठें असतात?

कुत्रा व मांजर यांच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस, किंचित् खालच्या अंगास, कातडीच्या आंत एक एक लहान पिशवी असते. घड्याळाच्या तबकडीवर ४ व ८ हे आंकडे जेथें असतात, साधारण त्या जागीं या पिशव्या असतात असें समजावें. प्रत्येक पिशवीच्या आंतील अस्तरांत ग्रंथी असून त्यांतून पिवळसर किंवा तपकिरी रंगाचा, अतिशय उग्र वासाचा द्रव पाझरतो. तो एका बारीक नळीवाटे गुदद्वाराच्या कडेशीं बाहेर पडतो. जनावर घट्ट मळ टाकतें त्या वेळीं पिशव्यांवर दाब येऊन त्या आपोआप रिकाम्या होतात. एक जनावर दुसऱ्यास वासावरून ओळखतें, त्यांत या द्रवाचाही भाग असतो. जनावर एकाएकीं घाबरलें तरी पिशव्या रिकाम्या होऊन घाण सुटते. तो रोग नव्हे.

विकार कसा होतो?

मळ वरचेवर पातळ होऊं लागला म्हणजे पिशव्यांवर पुरेसा दाब येत नाहीं. आंतील द्रव सांचून दाट होतो, नळी बुजते व पिशवी फुगते. ही पहिली पायरी. सांचलेल्या द्रवांत जंतूंची वाढ होऊन दाह सुरू होतो, ही दुसरी. पुढें पिशवींत पू होऊन गळूं तयार होतें व तें गुदद्वाराच्या बाजूस कातडी फोडून बाहेर येतें, ही तिसरी. लठ्ठपणा, कातडीची जुनाट खाज व जन्मतः अरुंद नळी हींही या विकारास कारण होतात. लहान चणीच्या कुत्र्यांत हा विकार अधिक आढळतो. मांजरांत तो कमी असतो, पण मांजर आपलें दुखणें लपवितें, त्यामुळें तें ध्यानांत येण्यास उशीर लागतो.

लक्षणें

जमिनीवर बूड घासणें, शेपटीखालीं वारंवार चाटणें, शेपटीच्या मुळाशीं दांतांनीं कुरतडणें, बसतां बसतां एकदम उठणें, मळ टाकतांना कुंथणें किंवा ओरडणें, अंगास कुजक्या मासळीसारखा वास येणें, हीं मुख्य लक्षणें होत. एका बाजूस लाल सूज, स्पर्शाचा त्रास, ताप किंवा रक्तमिश्रित पू दिसला कीं गळूं झालें असें समजावें. मांजर शेपटीखालची जागा चाटून चाटून तेथील केंस घालवितें, किंवा ठरलेल्या जागीं मळ टाकण्याचें सोडतें.

तीन नडणाऱ्या समजुती

पहिली समजूत अशी कीं, बूड घासणें म्हणजे जंतच. जंतांमुळेंही खाज सुटते हें खरें. पट्टकृमीचे तुकडे तांदळाच्या दाण्यासारखे शेपटीभोंवतीं किंवा मळांत दिसतात. तसे दिसल्यास जंतांचें औषध द्यावें, आणि हा कृमी पिसवांमार्फत होत असल्यामुळें पिसवांचाही नायनाट करावा. परंतु औषध देऊनही घासणें थांबलें नाहीं, तर पुन्हां पुन्हां तेंच औषध पाजण्यांत अर्थ नाहीं. ग्रंथी तपासून घ्याव्यात.

दुसरी समजूत रॉकेल व फिनेल यांची. फुटलेल्या गळवावर, विशेषतः पावसाळ्यांत, माश्या बसून अळ्या पडतात, आणि मग घरांत हातास येईल तें त्यावर ओतलें जातें. त्यानें कोंवळें मांस भाजून निघतें व जखम वाढते. मांजरास तर फिनेल हें विषच आहे, कारण अंगास लागलेलें औषध तें चाटून पोटांत घेतें, आणि असे पदार्थ पचवून बाहेर टाकण्याची शक्ति त्याच्या यकृतांत फार कमी असते.

तिसरी समजूत ही कीं, माणसाची वेदनाशामक गोळी जनावरासही चालते. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनें मांजर दगावूं शकतें. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनीं कुत्र्याच्या जठरास व मूत्रपिंडांस अपाय होतो. पशुवैद्यानें सांगितल्याखेरीज कोणतीही गोळी देऊं नये.

या समजुती एकत्र आल्या म्हणजे काय होतें, हें आमच्या माहितीच्या एका वस्तीवर दिसून आलें. राखणीचा कुत्रा महिनाभर बूड घासत होता. त्यास दोनदां जंतांचें औषध पाजलें गेलें. पुढें शेपटीखालचें गळूं फुटलें, तेव्हां घरच्या गड्यानें त्यावर रॉकेल ओतलें आणि कुत्र्यास धरून ठेवण्यास घरांतील आठ वर्षांच्या मुलास सांगितलें. जन्मभर त्या मुलाबरोबर खेळलेला तो कुत्रा वेदनेनें उलटला व मुलाच्या हातास कडकडून चावला. मुलाची जखम साबणानें व धारेच्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुतली, त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत रेबीजची लस सुरू केली, म्हणून मोठें संकट टळलें. कुत्र्यास मारून टाकण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. परंतु पशुवैद्यानें गळूं स्वच्छ करून औषध दिल्यावर तो बरा झाला आणि पूर्ववत् राखण करूं लागला. दुखणाऱ्या जनावराचा चावा हा त्याच्या स्वभावाचा दोष नव्हे. तथापि चावा कोणत्याही कुत्र्याचा असो, जखम धुणें व लस घेणें यांत हयगय करूं नये.

उपचार

नुसती पिशवी तुंबली असेल तर पशुवैद्य ती हातानें दाबून रिकामी करतात. दाह असल्यास पिशवी धुवून आंत औषध भरतात; गळूं असल्यास तें फोडून पू काढतात व प्रतिजैविक औषध देतात. घरीं करण्याजोगी गोष्ट म्हणजे कोमट पाण्यांत भिजविलेल्या स्वच्छ फडक्यानें दिवसांतून दोनतीन वेळां पांचदहा मिनिटें शेक देणें, आणि जनावरानें जखम चाटूं नये म्हणून गळ्यांत रुंद कॉलर बांधणें.

पिशवी दाबण्याची रीत पशुवैद्यापुढें प्रत्यक्ष शिकून घेतल्यासच कुत्र्याच्या बाबतींत घरीं वापरावी. एकानें कुत्र्यास धरावें व तोंडास मुसकें बांधावें. दुसऱ्यानें हातमोजे घालून, शेपूट वर उचलून, ओल्या कापसासह अंगठा व बोट दोन्ही बाजूंस ठेवून हलकेच आंत व वर दाबावें. हलक्या दाबानें द्रव न आल्यास जोर करूं नये. सूज, लाली किंवा वेदना असतां हात लावूं नये; मांजराच्या बाबतींत हा प्रयोग घरीं करूंच नये. निरोगी जनावराच्या ग्रंथी उगाच वरचेवर दाबल्यानें उलट दाह उत्पन्न होतो.

विकार पुन्हां पुन्हां उलटत असेल तर शस्त्रक्रिया करून पिशव्या काढून टाकतां येतात. तेथील मज्जातंतूंस धक्का लागल्यास मळावरील ताबा जाण्याचा धोका असतो, म्हणून ती अनुभवी हातांकडूनच करवावी. मुंबईस परळ येथें, तसेंच शिरवळ, परभणी, उदगीर व नागपूर येथें पशुवैद्यकीय महाविद्यालयें आहेत. अवघड रोग्यास तेथें नेतां येतें. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीं १९६२ हा दूरध्वनि क्रमांक आहे.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या शेपटीखालीं न दुखणारी टणक गांठ लागली आणि तो फार पाणी पिऊन वारंवार लघवी करूं लागला, तर विलंब न लावतां तपासणी करवावी. या ग्रंथींस कर्करोग होतो, तो लवकर पसरतो, व त्यामुळें रक्तांतील कॅल्शियम वाढून अशी तहान लागते.

प्रतिबंध

या विकाराचें मूळ बहुतांशीं पोटांत आहे. शिळें आंबलेलें अन्न, तेलकट उष्टें व दूध पचत नसतांही दिलेलें दूध यांनीं मळ पातळ होतो. कुत्र्याच्या रोजच्या अन्नांत बिनमसाल्याचा शिजविलेला लाल भोपळा थोडा मिसळावा, किंवा इसबगोल ओल्या अन्नांत कालवून द्यावें. त्यानें मळास आकार येतो. फोडणीचें अन्न घालूं नये, कारण कांदा व लसूण कुत्र्यामांजरांस बाधतात. पिण्यास ताजें पाणी असावें. सांखळीस अहोरात्र बांधलेला कुत्रा लठ्ठ होतो, त्यास रोज फिरवावें. जंत व पिसवा यांचा बंदोबस्त वेळच्या वेळीं करावा, दरवर्षी रेबीजची लस टोंचावी, आणि आठवड्यांतून एकदां शेपूट उचलून खालची जागा नजरेखालून घालावी.

या सर्वांस पैसा थोडा व लक्ष अधिक लागतें. बैलाचा खांदा सुजला तर आपण त्या दिवशीं औत सोडतों. राखणदाराच्या वेदनेसही तेवढा मान द्यावा, कारण तो बिचारा बोलून दाखवूं शकत नाहीं. बूड घासणारें जनावर दिसतांच हंसण्यापूर्वीं त्याची शेपटी उचलून पाहावी, एवढीच वाचक बंधूंस आमची विनंति आहे.