चोरलेला पान्हा

पहाटे पाचच्या सुमाराला लाईट गेली. गोठ्यातला पंप धापा टाकत बंद पडला आणि दुसऱ्या गाईच्या सडांना लावलेले कप एकेक करून सुटले. मावशीने ते खाली शेणात पडायच्या आत झेलले, बादलीवर अडकवले, हात धुतले आणि कासंडी घेऊन गाईच्या बुडाशी बसली.

"आता बघ," ती म्हणाली. "ह्या हाताला ह्या बाया वळखतच नाहीत."

कोऱ्हाळे बुद्रुकला मावशीच्या गोठ्यात सात एचएफ, म्हणजे होल्स्टीन जातीच्या, गाई आहेत. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस, उसाच्या वाढ्यावर गाई आणि गाईंच्या दुधावर घरखर्च, अशी इथली उतरंड. मोबाईलच्या उजेडात मी पाहत होतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांत कासंडीत चांगला फेस चढला. मग धार बारीक झाली, सुतळीएवढी, दोऱ्याएवढी, आणि थांबली. कास मात्र तशीच टणक, तट्ट फुगलेली. मावशीने कोमट पाण्याने ती पुन्हा पुसली, खालून वर चोळली, आंबोणाची पाटी गाईच्या तोंडाशी सरकवली. गाईने आंबोण खाल्लं. दूध दिलं नाही.

"चोरतीय," मावशी म्हणाली.

गाय पान्हा चोरते असं आपण म्हणतो खरं, पण तो बिचारीवर आळ आहे. कासेतल्या दुधाचा साधारण पाचवा हिस्सा सडांच्या वरच्या पोकळीत आयता साठलेला असतो. तो कोणालाही मिळतो. उरलेलं दूध वरच्या बारीक बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं. मेंदूच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरलं की त्या पिशव्या आवळल्या जातात आणि दूध खाली येतं. याला लागतं मिनिट-दीड मिनिट, आणि जोर टिकतो जेमतेम काही मिनिटं. गाईने ठरवून हे होत नाही, ठरवून थांबतही नाही. वासराने ढुशी दिली की पान्हा सुटणं हे उपजत. पण पंपाच्या आवाजाने सुटणं? ते शिकलेलं.

इवान पावलोव्ह हे नाव आपल्याकडे डीएडला असलेल्या प्रत्येकाने घोकलेलं असतं: कुत्रा, घंटा, लाळ. खरं तर त्यांना १९०४ सालचं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, आणि त्यांच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोमही असायचा, गवयाला लय दाखवतो तसला टक्-टक् करणारा. मावशीच्या यंत्रावर पल्सेटर नावाची एक डबी आहे. मिनिटाला साधारण साठ ठोके. मी घड्याळ लावून मोजले होते. पावलोव्हच्या कुत्र्यांना टक्-टक् ऐकून लाळ सुटायची. इथे टक्-टक् ऐकून पान्हा सुटतो. लाळ आणि दूध दोन्ही मर्जीबाहेरची, म्हणून तुलना नुसती शब्दांची नाही.

यंत्र आणलं तेव्हा मावशीने ते लगेच लावलं नव्हतं. पहिला आठवडाभर खुराक टाकायच्या वेळेला फक्त पंप सुरू करायची. दूध हातानेच काढायची, पण पंप चालू ठेवून. पहिल्या दिवशी सगळ्या गाईंनी दावं ताणलं, एकीने गव्हाणीत पाय घातला. आठव्या दिवशी पंप सुरू झाला की माना आपोआप पाटीकडे वळायला लागल्या. हे तुला कोणी सांगितलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "सांगायचं काय त्यात? नवी सून आली तर पहिल्याच दिवशी भाकऱ्या थापायला बसवतो का आपण?" (बसवतात, पण ते असो.)

आजीच्या काळी देशी गाय वासरावाचून हात लावू द्यायची नाही. वासरू दगावलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभं करायचे, आणि गाय त्याला चाटत पान्हवायची. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ ही संस्था सुरू केली, संकराच्या गाई वाढल्या, आणि वासरू जन्मल्याबरोबर बाजूला बांधायची पद्धत आली. वासराची जागा मग बादलीच्या कडीने घेतली, ओळखीच्या हाकेने घेतली, आता पंपाने. म्हणूनच बाजारातून आणलेली गाय पहिले काही दिवस कमी दूध देते आणि व्यापाऱ्याने फसवलं म्हणून आपण चरफडतो. पुष्कळदा फसवलेलं नसतं. गोठा अनोळखी असतो, इतकंच.

भीतीने हे सगळं उलटं फिरतं. १९४१ साली ईली आणि पीटरसन या दोन अमेरिकन संशोधकांनी दूध काढायच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि कागदी पिशव्या फोडल्या, पान्हा अडला. दचकलेल्या अंगात अ‍ॅड्रेनलिन चढतं आणि ते ऑक्सिटोसिनचं चालू देत नाही. हे वाचून मी हसलो होतो. गेल्या पावसाळ्यात मीच ते मांजर झालो. सळसळणारा प्लॅस्टिकचा रेनकोट घालून पहिलारू कालवडीजवळ गेलो, तिने लाथ झाडली आणि मी तीन हात मागे उडालो.

"झालं," मावशी म्हणाली. "शिकवलीस तिला लाथ."

मला वाटलं, मला लागलं नाही ना हे ती विचारेल. पण तिचं बरोबर होतं. लाथ मारली की माणूस जातो, हा धडा कालवडीने एका झटक्यात घेतला. नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे जी कृती पक्की होते, तिच्या पक्कं होण्याला मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर ऋण प्रबलन म्हणायचे. पुस्तकांतसुद्धा लोक याचा आणि शिक्षेचा घोळ घालतात. शिक्षेने कृती कमी होते, याने वाढते. मी कालवडीला शिक्षा केली नव्हती, बक्षीस दिलं होतं: स्वतःला तिथून हटवून.

मग पुढचे दहा दिवस मावशीने मी शिकवलेलं पुसलं. तिची रीत मी जवळून पाहिली. उजवा तळवा कालवडीच्या मांडीवर, कासेच्या जरा वर, सपाट. कालवड पाय झाडते. तळवा निघत नाही, पायाबरोबर वर जातो, पायाबरोबर खाली येतो. दाबत नाही, मारत नाही, तोंडाने "हो… हो…" एवढंच. खूर जमिनीला टेकला, मांडीचा स्नायू सैल झाला, की त्याच क्षणाला हात काढून घेते. एक श्वास थांबते. पुन्हा ठेवते. सगळी कारागिरी त्या काढून घेण्यात आहे. अर्धा क्षण उशीर झाला तर कालवड दुसरंच काहीतरी शिकते. मी दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा हात आधी निघाला.

लाथा मी वहीत मांडून ठेवल्या. पहिल्या दिवशी नऊ. दुसऱ्या दिवशी चौदा, कारण चाललेली युक्ती चालेनाशी झाली की जनावर आधी ती जोराने करून बघतं. लिफ्टचं बटण दाबून लिफ्ट आली नाही की आपण तेच करतो. पाचव्या दिवशी पाच. सहाव्या दिवशी डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले, संध्याकाळी पुन्हा अकरा. दहाव्या दिवशी एक. थॉर्नडाइकने १८९८ साली मांजरं पेटीत कोंडून पाहिली, तेव्हाही त्याला मांजराला सुटकेची युक्ती 'सुचलेली' दिसली नाही. चुकीच्या हालचाली हळूहळू गळत गेल्या, वेळ कमी होत गेला, तोही वर-खाली होत. माझ्या वहीतली रेघ तशीच वेडीवाकडी आहे.

काकांबद्दलचंही एक निरीक्षण माझ्याकडे आहे. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी होतं. पहिले पाच-सहा दिवस काका गोठ्याकडे फिरकत नाहीत. आठव्या-नवव्या दिवशी मात्र गव्हाणी झाडतात, फॅट किती लागलं ते विचारतात. ठरावीक मुदतीने दाणा मिळणारी स्किनरची कबुतरं मुदत जवळ आली की अशीच टोची मारायला लागत. मावशीला हे सांगितलं तर ती इतकी हसली की गाईने मान वळवून पाहिलं.

त्या पहाटे लाईट आली ती पावणेसहाला. तीन गाई हाताने काढून, अर्ध्या भरल्या कासेनेच बाहेर मोकळ्या सोडल्या होत्या. पंप सुरू झाला, पल्सेटर टकटकायला लागला. मावशी पाचवीची कास पुसत होती. पार टोकाला बांधलेल्या सातवीकडे अजून कोणी गेलंही नव्हतं. तिच्या मागच्या सडातून थेंब गळायला लागले, फरशीवर, एकामागून एक.

सात वाजता मी किटल्या घेऊन संकलन केंद्रावर गेलो. शेवटच्या धारा सायीच्या असतात, आणि तीन गाईंच्या त्या कासेतच राहिल्या होत्या. एरवी मावशीच्या दुधाला ३.६ च्या आसपास फॅट लागतं. दर ठरतो तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन भागावर. पावती निघाली ३.२ ची. तिथल्या पोराने ती फाडून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "तुमच्या वस्तीवर पहाटं लाईट नव्हती का?"