ताई ची : संथ हालचालींविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

संयुक्त अरब अमिरातीत ५५ वर्षांवरील निवृत्तांना निवासाचा परवाना देण्याचे धोरण २०१८ मध्ये मंजूर झाले आणि २०२० मध्ये दुबईने त्यासाठी स्वतंत्र योजना सुरू केली. त्यामुळे नोकरी संपली की गाशा गुंडाळून मायदेशी परतायचे, ही आखातातील जुनी रीत काही घरांपुरती तरी बदलली. मुलांकडे काही महिने राहायला येणारे मराठी आईवडील त्यांत मिळवले, तर बहुमजली इमारतींत राहणाऱ्या वयस्क माणसांच्या व्यायामाचा प्रश्न तेथे खराच महत्त्वाचा ठरतो. त्यावरचा एक उपाय म्हणून ताई ची या चिनी व्यायामपद्धतीचे नाव घेतले जाते, परंतु तिच्याविषयीचे समज इतके परस्परविरोधी आहेत की काहींना ती निरुपयोगी, तर काहींना सर्वरोगहारी वाटते.

ताई ची म्हणजे म्हाताऱ्यांसाठी रचलेला नृत्यासारखा प्रकार, हा त्यांतला सर्वांत रूढ समज. वस्तुतः ती मूळची युद्धकला आहे. हेनान प्रांतातील चेनजियागोउ या गावी सतराव्या शतकात चेन वांगतिंग याच्या घराण्यात तिची ज्ञात परंपरा सुरू झाली, तेथे शिकलेल्या यांग लुचान (१७९९–१८७२) याने ती बीजिंगला नेली, आणि त्याचा नातू यांग चेंगफू याने सावकाश, अखंड गतीची जी शैली लोकांत रुजवली तीच आज जगात सर्वाधिक शिकवली जाते. वूदांग पर्वतावरील चांग सानफेंग या साधूने ही विद्या निर्माण केल्याची कथा लोकप्रिय असली, तरी तिला इतिहासाचा आधार नाही. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीतून २४ हालचालींचा संक्षिप्त क्रम तयार केला, जो पाच-सहा मिनिटांत पुरा होतो आणि नवशिक्याला बहुधा तोच प्रथम शिकवतात.

इस्लाम हा राजधर्म असलेल्या देशात आणखी एक शंका घेतली जाते, ती अशी की ताई ची ही ताओ पंथाची उपासना असून ती केल्यास स्वतःच्या धर्माला बाध येतो. परंतु या साधनेत देवता नाही, प्रार्थना नाही, दीक्षाही आवश्यक नाही. चीनमधील ह्वेई मुसलमानांत युद्धकलांची मोठी परंपरा आहे आणि त्याच समाजातील चांग तुंग-शेंग या नामवंत मल्लाने ताई चीची स्वतःची शैली घडवली. ताई चीला तत्त्वज्ञान मात्र निश्चित आहे, आणि ते बाजूला सारून केवळ हातपाय हलवल्यास फारसे काही हाती लागत नाही. यिन आणि यांग, म्हणजे मृदू आणि कठोर, स्थिर आणि चल अशा जोड्यांतील दोन बाजू परस्परांच्या शत्रू नसून एकीच्या पोटी दुसरी जन्म घेते, हा त्या विचाराचा गाभा होय. ताई चीत हा विचार थेट पावलांत उतरतो: शरीराचा भार एका पायावर पूर्णपणे गेला म्हणजे तो पाय ‘भरीव’ आणि दुसरा ‘रिक्त’ मानला जातो, रिक्त पाय भार न घेता पुढे ठेवला जातो, आणि मगच भार हळूहळू त्याच्यावर सरकवला जातो. वयस्क माणूस अनेकदा नेमका याच क्षणी पडतो, एका पायावरून दुसऱ्या पायावर जाताना. म्हणून या व्यायामाचे तत्त्वज्ञान आणि त्याचा आरोग्यलाभ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

संथ हालचालींनी शरीराला व्यायाम होत नाही, हा आक्षेप यामुळेच टिकत नाही. गुडघे किंचित वाकवून सावकाश चालताना मांडीच्या आणि घोट्याच्या स्नायूंना सतत काम करावे लागते, कारण वेगाचा आधार घेऊन तोल सावरण्याची सोय तेथे नसते. संशोधक फुझोंग ली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंपवाताचे १९५ रुग्ण होते. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, २४ आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल केवळ स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारला आणि त्यांचे पडणेही कमी झाले. सत्तरीच्या पुढील, पडण्याचा धोका असलेल्या ६७० व्यक्तींवरील २०१८ च्या अभ्यासातही ताई चीवर आधारित व्यायामक्रम पडणे टाळण्यात सरस ठरला. गुडघ्याच्या संधिवातात २०१६ मध्ये तिची तुलना भौतिकोपचाराशी, म्हणजे फिजिओथेरपीशी, केली असता १२ आठवड्यांनंतर वेदनेतील आराम दोन्हीकडे सारखाच आढळला.

एवढ्या पुराव्यावरून ताई चीने मधुमेह बरा होतो किंवा रक्तदाबाची गोळी सोडता येते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे, आणि मधुमेहाचे प्रमाण मोठे असलेल्या आखाती देशात तर ते धोक्याचेही आहे. रक्तदाब आणि साखर यांवर थोडा अनुकूल परिणाम काही अभ्यासांत दिसला आहे, पण तो औषधाला पूरक म्हणून, पर्याय म्हणून नव्हे. हीच मर्यादा ड जीवनसत्त्वाबाबतही ध्यानात ठेवावी. दिवसाचा बराच वेळ घरात काढल्यामुळे भर उन्हाच्या देशातही त्याची कमतरता सर्रास आढळते. ताई चीने पडण्याचा धोका कमी होईल, पण ही कमतरता भरून निघणार नाही, तिच्यासाठी तपासणी आणि वैद्यकीय सल्लाच हवा.

ही साधना पहाटे, बागेत, झाडाखालीच करावी, हे चिनी छायाचित्रांतून रुजलेले चित्र अमिरातीला लागू पडत नाही. तेथे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करवून घेण्यास सरकारी मनाई असते, आणि त्या दिवसांत दमट हवेमुळे पहाटही सुखद नसते. ताई चीला साधने लागत नाहीत व जागाही थोडी पुरते, म्हणून दिवाणखान्यातले टेबल सरकवून, घसरणारा गालिचा गुंडाळून ठेवून ती वातानुकूलित घरातही उत्तम करता येते. दुबईत २०१७ पासून दरवर्षी होणाऱ्या उपक्रमात नागरिकांनी ३० दिवस रोज ३० मिनिटे व्यायाम करावा असे आवाहन असते. आरंभासाठी तो काळ चांगला, परंतु वरील अभ्यास किमान १२ आठवड्यांचे आहेत हे ध्यानात घेऊन महिन्याअखेरीस सराव थांबवू नये. गुडघेदुखी असणाऱ्यांनी सुरुवातीला उंच पवित्र्यात, म्हणजे गुडघे कमीत कमी वाकवून, आणि शक्यतो शिक्षकाच्या नजरेखाली शिकावे, कारण गुडघा पावलाच्या दिशेत न ठेवता आत वळवण्याची चूक स्वतःच्या लक्षात सहसा येत नाही.