पेशीची हाक दाबणारे स्वाइन फ्लूचे प्रथिन

दोंडाईचा : मिरचीच्या बाजारपेठेमुळे परिचित असलेल्या दोंडाईचा शहरात ठसका लागणे ही नवलाची बाब नाही. नको असलेला कण शरीर ठसक्यासरशी बाहेर फेकते. विषाणू मात्र थेट पेशीत शिरतो आणि तेथे ठसका कामी येत नाही. तेथील पहारा निराळा असतो. स्वाइन फ्लूचा विषाणू नेमका त्यालाच चकवतो.

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात या आजाराने देशातील पहिला बळी घेतला आणि राज्यभर तोंडाला रुमाल बांधले गेले. या एच१एन१ विषाणूची जनुके डुकरांमधील विषाणूंतून आलेली होती. लागण मात्र माणसाकडूनच माणसाला होत होती. गावातील डुकरांवर तेव्हा निघालेला राग अनाठायीच होता.

पेशीतील 'रिग-आय' हे प्रथिन पहारेकऱ्याचे काम करते. पेशीच्या स्वतःच्या आरएनएच्या टोकाला रासायनिक टोपी असते, विषाणूच्या आरएनएला ती नसते. हे उघडे टोक हाती लागताच 'ट्रिम-२५' नावाचे दुसरे प्रथिन पहारेकऱ्याला कार्यान्वित करते आणि पेशी इंटरफेरॉन सोडते. शेजारच्या पेशी त्यामुळे सावध होतात. इंटरफेरॉनचा शोध आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी १९५७ मध्ये लंडन येथे लावला. ही जन्मजात प्रतिकारशक्ती काही तासांतच जागी होते; नव्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्यास मात्र कित्येक दिवस लागतात.

विषाणूचे 'एनएस-१' हे प्रथिन येथेच घाव घालते. ते आरएनए झाकते आणि 'ट्रिम-२५'लाही जखडून ठेवते. हाक उमटण्यापूर्वीच दाबली जाते.

गंमत अशी, की २००९ च्या विषाणूतील हे प्रथिन नेहमीच्या २३० ऐवजी २१९ ॲमिनो आम्लांचेच होते. पेशीची एकूण प्रथिननिर्मिती रोखण्याचे कसब त्याने गमावले होते, तरीही इंटरफेरॉन दाबण्यास ते पुरेसे ठरले.

ऑसेल्टामिविर हे औषध 'एनएस-१'ला हात लावत नाही. ते न्यूरामिनिडेज या दुसऱ्याच प्रथिनाला अडवून नवे विषाणू पेशीतून सुटू देत नाही. विषाणूंची संख्या फार वाढल्यावर त्याचा उपयोग घटतो, म्हणून ते लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू करणे हितावह. गर्भवती, वृद्ध आणि मधुमेही रुग्णांच्या बाबतीत तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टर ते सुरू करतात, ते याच कारणाने.