आधी ऐकावे, मग गाडी वळवावी

एस. टी.च्या एखाद्या फेरीचा मार्ग बदलणे ही वरवर पाहता अगदी क्षुल्लक गोष्ट आहे. आगारातील कागदावरची एक ओळ खोडली जाते व तिच्या जागी दुसरी लिहिली जाते, इतकाच काय तो व्यवहार. परंतु त्या एका ओळीवर कोणाची शाळा, कोणाचे दुकान, तर कोणाचे औषधपाणी अवलंबून असते. आणि ओळ खोडली गेल्याची वार्ता त्यांस थांब्यावर तासभर तिष्ठत उभे राहिल्यावर कळावी, हा क्रम उलटा आहे. तो सुलटा व्हावा, म्हणजे कुरुंदवाड आगाराच्या गाड्यांच्या मार्गांत वा वेळांत कायमचा फेरबदल करण्यापूर्वी जाहीर सुनावणी घेण्याचा शिरस्ता पडावा, एवढीच आमची मागणी आहे.

कुरुंदवाडची जागाच अशी आहे की येथे रस्त्याचा प्रश्न हा निर्वाहाचा प्रश्न होऊन बसतो. कृष्णा व पंचगंगा यांचा संगम गावाला लागूनच आहे. जयसिंगपूरची पेठ व रेल्वे गाठावयाची तर पंचगंगेवरील पूल ओलांडून नृसिंहवाडी व शिरोळ या वाटेने जावे लागते. मोठ्या दवाखान्यासाठी मिरज, वरच्या शिक्षणासाठी सांगली, यंत्रमागाच्या कामासाठी इचलकरंजी. आणि उलट दिशेने अकिवाट, राजापूर, खिद्रापूर या बाजूच्या लोकांस बाजारहाटासाठी कुरुंदवाड. २००५, २०१९ व २०२१ या सालच्या महापुरांनी या भागाची वाट किती सहज तुटते हे सर्वांस दाखविले आहे. ज्या गावाने पाण्याने वाट बंद झालेली पाहिली, त्यास कागदाने वाट बंद होणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

ता. ८ मार्च १९४८ रोजी पटवर्धनांची कुरुंदवाडची दोन्ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. त्याच वर्षी १ जून रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी मोटारसेवेची पहिली गाडी धावली. म्हणजे येथील माणूस प्रजाजनाचा नागरिक झाला, त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच सार्वजनिक गाडी जन्मास आली. संस्थानी अमलात प्रजेने अर्ज करावा व दरबारने हुकूम द्यावा, ही रीत होती. नागरिकाची रीत ती नव्हे. ज्या निर्णयाने आपले नित्याचे जीवन बदलणार, तो होण्यापूर्वी आपले म्हणणे ऐकले जाणे हा त्याचा हक्क आहे. गाडी लोकांची झाली; तिचा मार्ग ठरविण्याची पद्धत मात्र हुकुमाचीच राहिली, तर संस्थान गेले तरी दरबार शिल्लक राहिला असेच म्हणावे लागेल.

कायद्यास सुनावणीचे तत्त्व अपरिचित आहे असेही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९९ व १०० या कलमांप्रमाणे एखादा मार्ग सरकारी परिवहन संस्थेकडे सोपविण्याची योजना राजपत्रात व प्रादेशिक भाषेतील वर्तमानपत्रात प्रसिद्ध करावी लागते, आणि कोणाही व्यक्तीस तीस दिवसांत हरकत घेता येऊन तिला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते. दोन राज्यांमध्ये परवान्यांचा करार व्हावयाचा असेल, तर ८८ व्या कलमाने त्या प्रस्तावाचीही जाहिरात करून लोकांची निवेदने कोठे, केव्हा व कोणापुढे विचारात घेतली जातील हे कळवावे लागते. आता यातील विसंगती पाहा. कुरुंदवाडहून सीमेपलीकडे बोरगाव-सदलग्याकडे जाणाऱ्या गाड्यांविषयी दोन सरकारांचा करार होत असेल, तर नागरिकांस बोलण्यास जागा आहे. परंतु सीमेच्या अलीकडच्या खेड्यातील सकाळची एकुलती एक फेरी बंद व्हावयाची असेल, तर ह्या कलमांचा त्या खेड्यास काडीचाही उपयोग नाही! वीज महाग करण्यापूर्वी लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेणे २००३ च्या वीज कायद्याने नियामक आयोगावर बंधनकारक आहे. अमेरिकेत मध्यवर्ती सरकारचे साहाय्य घेणाऱ्या परिवहन संस्थांस भाडे वाढविण्यापूर्वी किंवा सेवेत मोठी कपात करण्यापूर्वी लोकमत मागवावे लागते. विजेला जो न्याय, तो गाडीला का नसावा?

शिवाय सुनावणी म्हणजे काय, याचाही निवाडा पूर्वीच होऊन गेला आहे. आंध्रातील कृष्णा जिल्ह्यात मोटारमार्ग सरकारी परिवहन संस्थेकडे घेण्याच्या योजनेवर तंटा उपस्थित झाला, तो गुल्लपल्ली नागेश्वरराव यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. तेथे हरकती ऐकल्या खात्याच्या सचिवांनी, आणि हुकूम दिला मुख्यमंत्र्यांनी. ऐकणारा एक व ठरविणारा दुसरा, अशा प्रकारे सुनावणी केवळ पोकळ उपचार ठरते, असे न्यायालयाने त्या खटल्यात स्पष्ट केले. ज्या नदीच्या काठी आपण राहतो, तिच्याच नावाच्या जिल्ह्यातून आलेला हा धडा आपण विसरता कामा नये. निवेदन आवक-बारनिशीत नोंदवून पोच देणे म्हणजे सुनावणी नव्हे. ज्याची सही फेरी बंद करणार, त्याने स्वतः समोर बसून ऐकणे म्हणजे सुनावणी.

यावर आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. गाड्या अपुऱ्या, चालक-वाहक कमी, भारमान उतरलेले. आणि १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याचे २२ वे कलम कारभार व्यापारी तत्त्वाने चालवावा असे सांगते. ही अडचण खरी आहे व तिची थट्टा करणे योग्य नव्हे. परंतु त्याच कायद्याचे १८ वे कलम कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची व सुसूत्र सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य ठरविते. पुरेशी कोणास, हे गाडीत बसणाऱ्यास विचारल्यावाचून कसे कळणार? भारमानाचा आकडा किती माणसे बसली ते सांगतो. वेळ गैरसोयीची म्हणून किती जण वडापने गेले, ते सांगत नाही. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली, ती स्तुत्यच होय. पण गाडीच नसेल तर अर्धे तिकीट कशाचे काढावयाचे? संध्याकाळची फेरी गेली, की मुलगा सायकलवर किंवा कोणाच्या मोटारसायकलमागे बसून घरी येतो. मुलीची मात्र शाळाच सुटते. हा तोटा आगाराच्या हिशेबाच्या वहीत कोणत्या रकान्यात मांडावयाचा?

सुनावणीने विलंब होईल, हा आणखी एक आक्षेप. पूर, संप, पुलाची दुरुस्ती अशा प्रसंगी तत्काळ बदल करण्यास कोणीच हरकत घेणार नाही. तो बदल तीस दिवसांपलीकडे चालू ठेवावयाचा असेल, तरच सुनावणी लागावी. कायमच्या फेरबदलाची सूचना मात्र पंधरा दिवस अगोदर बसस्थानकावर, नगरपरिषदेत, संबंधित ग्रामपंचायतींत व शाळांत लावावी; तीत फेरीची वेळ, तिचे भारमान व बदलाचे कारण स्वच्छ मराठीत द्यावे. सुनावणी प्रवाशांस सोईच्या वेळी, निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्यासमक्ष व्हावी, आणि निर्णयाची कारणे लेखी प्रसिद्ध व्हावीत. हे शेवटचे मागणे तर भीक मुळीच नव्हे. बाधित होणाऱ्या व्यक्तींस प्रशासकीय निर्णयाची कारणे कळवावीत, असे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगतच आहे. बाकीच्या गोष्टींस नवा कायदाही नको व मोठा खर्चही नको. एक सभागृह, एक दिवस व ऐकण्याची इच्छा एवढे पुरे.

शेवटी दोन शब्द आमच्या वाचकांस. पेठेतील व्यापारी आज स्वतःच्या वाहनाने फिरतो व गाडीचा प्रश्न खेडवळांचा, असे मानून स्वस्थ बसतो. पण त्याच्या दुकानाची पायरी चढणारे गिऱ्हाईक कशात बसून येते, याचा त्याने विचार करावा. फेरी बंद झाली म्हणजे ते गिऱ्हाईक दुसऱ्या पेठेची वाट धरते, व एकदा धरलेली वाट सहसा सोडीत नाही. म्हणून नगरपरिषदेने ठराव करावा, व्यापाऱ्यांनी सह्या द्याव्यात, पालकांनी आपल्या गावच्या फेरीने कितीजण जातात याची आठवडाभर मोजदाद ठेवावी. सुनावणीत नुसता आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा चार आकडे घेऊन उभा राहणारा अधिक ऐकला जातो. फेरी गेल्यावर मोर्चा काढणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, यातला प्रकार. बैल दावणीस आहे तोवरच जागे व्हावे. आणि अधिकाऱ्यांनीही, लोक ऐकू येतील इतक्या जवळ येऊन बसावे.