‘उंद्री’ नावाचं फोल्डर उघडताना प्रोग्राम का कोसळतो?

एकच प्रोग्राम, दोन कॉम्प्युटर. घरच्या लॅपटॉपवर तो व्यवस्थित चालतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र फोल्डर वाचायला घेतलं की बंद पडतो. कोड तोच, फाइल्सही त्याच. मग चूक नेमकी कुठे आहे?

समजा, बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाच्या माहितीचं वेगळं फोल्डर केलंय आणि त्यातल्या एकाचं नाव आहे ‘उंद्री’. या एका नावावरून सगळा गोंधळ समजून घेता येतो.

फोल्डर वाचतं कोण?

पायथनसारखी भाषा फोल्डर स्वतः वाचत नाही. ‘यात काय काय आहे?’ असं ती ऑपरेटिंग सिस्टीमला विचारते. विंडोज, लिनक्स आणि मॅक या प्रश्नाचं उत्तर आपापल्या पद्धतीने देतात. भाषेचं काम दुभाष्याचं. दुभाष्याने एखादी गोष्ट गृहीत धरली, की घोळ होतो.

सहा चिन्हं, १८ बाइट

कॉम्प्युटरसाठी ‘उंद्री’ म्हणजे सहा चिन्हं: उ, अनुस्वार, द, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १८. इंग्रजी अक्षराला १ बाइट पुरतो.

लिनक्सवर फाइलच्या नावाची नेहमीची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मात्र २५५ चिन्हं बसतात. त्यामुळे विंडोजवर चाललेलं लांबलचक मराठी नाव लिनक्सवर नाकारलं जाऊ शकतं.

पायथनने काय दुरुस्त केलं?

पायथन २ मध्ये विंडोजवर फोल्डरची यादी साध्या पद्धतीने मागितली, तर ‘उंद्री’ऐवजी ‘??????’ मिळायचं. कारण विंडोजच्या जुन्या अक्षरसंचात देवनागरीला जागाच नव्हती. विंडोजवर फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. त्यामुळे हे नाव उघडायला गेलं की प्रोग्राम एरर देऊन थांबायचा.

२००८ मध्ये आलेल्या पायथन ३.० मध्ये लिनक्सवर वेगळीच अडचण होती. जे नाव वाचता येत नाही, ते यादीतून गुपचूप वगळलं जायचं. हे जास्त धोक्याचं. प्रोग्राम बंद पडला तर निदान कळतं. इथे एखादं गाव मोजणीतून सुटलं तरी कुणाला पत्ता लागत नाही.

२००९ च्या ३.१ आवृत्तीने न वाचता येणारे बाइट खास खुणांमध्ये जपून ठेवण्याची सोय केली. २०१६ च्या ३.६ आवृत्तीने विंडोजवरही यूटीएफ-८ स्वीकारलं.

मेमरीचा घोटाळा

सी भाषेत फोल्डरमधलं नाव ठेवायला आधी जागा राखावी लागते. या नावासाठी लिनक्सच्या व्याख्येत २५६ बाइट असतात, सोलारिसच्या व्याख्येत फक्त १. बाकीची जागा प्रोग्रामरने वाढवून घ्यायची. लिनक्स पाहून लिहिलेला कोड सोलारिसवर राखलेल्या जागेबाहेर लिहितो आणि कोसळू शकतो. जागा किती लागेल हे खात्रीने ठरवता येत नसल्यामुळे २०१६ मध्ये ग्लिबसी या लायब्ररीच्या २.२४ आवृत्तीने ‘रीडडिर_आर’ हे फंक्शन कालबाह्य ठरवलं.

‘शेतकऱ्यांची यादी’ सापडत का नाही?

‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो: एकच चिन्ह म्हणून किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असा. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत दुसरा प्रकार वापरायची. दिसायला नाव तेच, पण लिनक्सच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावं.

मग करायचं काय?

• पायथनची चालू आवृत्ती वापरा. पायथन २ चा अधिकृत आधार २०२० च्या सुरुवातीलाच संपला.
• नावांची तुलना करण्याआधी दोन्ही नावं युनिकोडच्या एकाच रूपात आणा.
• एखादं फोल्डर वाचता आलं नाही, तर ते वगळू नका. त्याचं नाव दाखवून एरर द्या.
• चाचणी तिन्ही सिस्टीमवर घ्या, आणि चाचणीच्या फोल्डरांत ‘उंद्री’, ‘शेतकऱ्यांची यादी’ अशी नावं नक्की ठेवा. फक्त इंग्रजी नावांवर चाचणी घेतली, तर यातल्या बऱ्याच चुका दिसणारच नाहीत.