फण्याखालचा राजा

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी लावून अजिंठा लेण्यांच्या बसने वर गेलेला प्रवासी आधी पद्मपाणीचं चित्र गाठायला पहिल्या लेण्याकडे धावतो. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी फारसं कोणी रेंगाळत नाही. तिथे दाराच्या दोन बाजूंना गुडघे टेकलेले दगडी हत्ती आहेत, आणि चार पायऱ्या चढलं की कोनाड्यात वेटोळ्यांवर ऐसपैस बसलेला, डोक्यामागे फणा उभारलेला नागराज.

हे लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेणाचा सचिव वराहदेव याने कोरवून घेतलं. शिलालेखात त्याने आपल्या धन्याची, म्हणजे वत्सगुल्मच्या (आजच्या वाशिमच्या) राजघराण्याची वंशावळ दिली आहे. सोबत नागेंद्राच्या मंदिराचाही उल्लेख केला आहे. बुद्धाच्या विहारात नाग कशाला? मला वाटतं, वाघूर नदीचा हा कडा, त्यातली कुंडं, पावसाळ्यातला धबधबा यांवर लोकांच्या लेखी नागाचीच मालकी होती. राज्य नवं असलं तरी पाण्याचा धनी जुना. त्याला हुसकण्यापेक्षा दारात मानाने बसवणं शहाणपणाचं. एकोणिसाव्या लेण्याबाहेर तर तो राणीसह बसलाय. त्याला सात फणे, तिला एक. दरबारी मानपानाचा हिशेब दगडातही चुकलेला नाही! नंदिवर्धन शाखेचे वाकाटक तर आपला पूर्वज भारशिव या नागकुळातल्या भवनागाचा नातू असल्याचं ताम्रपटांत अभिमानाने नोंदवतात.

सत्तेला प्राण्याचा आधार देण्याचा हाच धडा पुढच्यांनी गिरवला. बदामीच्या चालुक्यांनी वराह घेतला, राष्ट्रकूटांनी आणि देवगिरीच्या यादवांनी गरुड. चंद्रपूरच्या गोंड राजांनी किल्ल्याच्या वेशीवर हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरला. जंजिऱ्याच्या दारावरच्या श्वापदाने तर एकट्याने सहा हत्ती पकडलेत. सिद्दीच्या आरमाराचा दरारा होताच, पण परक्या वकिलाला आत शिरण्याआधीच तो दिसावा, ही तजवीज त्या शिल्पाची. इंग्रज तर जिवंत वाघच मारत. १८१९ साली इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ अजिंठ्याच्या खोऱ्यात शिकारीलाच आला होता, आणि त्याला लेणी दिसली.

अजिंठ्याचं वेगळेपण मात्र सतराव्या लेण्यात आहे. ते कोरवून घेणारा हरिषेणाचा मांडलिक राजा. त्याच्याच भिंतीवर हंसजातक रंगवलंय: पारध्याने धरून आणलेला सोनेरी हंस काशीच्या दरबारात उपदेश करतो आणि राजा निमूट ऐकतो. पैसे मोजून स्वतःला पाखराकडून दोन शब्द ऐकवून घेणारा सत्ताधीश विरळाच. अर्थात, नम्र दिसण्यातही राजकारण असतंच.

आज सारनाथचे सिंह नोटेवर आहेत, शेकरू राज्यप्राणी आहे. मतपत्रिकेवर बैलजोडी आणि गाय-वासरू येऊन गेली. प्रचारात मुक्या जनावरांचे हाल होतात म्हणून निवडणूक आयोगाने नवी प्राणीचिन्हं देणं थांबवलं. बसपाचा हत्ती आणि गोव्यातल्या मगोपचा सिंह जुने म्हणून टिकले. शिवसेनेचा वाघ फलकांवर, चिन्ह धनुष्यबाण. पक्ष फुटल्यावर तो बाण २०२३ मध्ये आयोगाने शिंदे गटाला दिला. वाघावर मात्र दोन्ही गटांकडून हक्क सांगितला जातो, आणि तो तंटा आयोगाच्या अखत्यारीतच येत नाही.